अक्काचा डावा तळहात

नांदेड, १२ जानेवारी २०१६

अक्का,

शरणार्थ. पहिल्याच ओळीत सांगून ठेवते, यात बाईच्या अंगाच्या गोष्टी आहेत, तेव्हा हे पत्र सुनेच्या हातात देऊ नकोस. फोन केला की तू तो तिच्या कानाला लावतेस आणि ती बिचारी "मावशी, तुमच्याकडं नळाला पाणी हाय का?" एवढंच विचारत राहते. पत्र असं दुसऱ्याच्या कानाला लावता येत नाही. म्हणून कितीतरी वर्षांनी पेन हातात धरलंय.

तब्येत बरी नाही. "मग मी काय करू" असं लगेच म्हणू नकोस, कारण काही कर म्हणून मी सांगत नाहीये. नुसतं कळवतेय.

गेल्या महाशिवरात्रीच्या सुमाराला छातीवर डाव्या बाजूला लाल झालं. डावी बाजू म्हणजे तीच. हैदराबादला कॅन्सर झाला म्हणून काढलेली, आणि तिच्या जागी सिलिकॉनची पिशवी बसवलेली. जिच्यावरून तू तेरा वर्षं माझ्याशी बोलली नाहीस, ती. तिथं लाल झालं आणि हाताला गरम लागायला लागलं. माझं इष्टलिंग नेमकं त्याच जागी लोंबतं, त्यामुळे मला वाटलं, ते ठेवलेल्या चांदीच्या डबीची कड घासत असणार. सोनाराकडं जाऊन कड गोल करून आणली. फरक पडला नाही, तेव्हा डबी काढून लिंग कापडाच्या पिशवीत बांधलं. मग वाटलं शिवदाराच्या दोऱ्याचा रंग उतरत असेल, म्हणून गळ्यातला तो दोराही बदलला, पांढरा घातला. मठातल्या स्वामींना दाखवलं तर त्यांनी डबीला भस्म लावून दिलं. तीन-चार महिने मी त्या गरीब डबीलाच दोष देत बसले. आतल्या पिशवीवर संशयच आला नाही, कारण ती कायमची म्हणून बसवून घेतली होती.

बायकांचे ब्लाउज शिवण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्याच ब्लाउजचा डावा टक्स, ती छातीखालची चुणी, दोनदा उसवून पुन्हा घालावा लागला तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. आकार बदलत होता. मी म्हणायचे, वय झालं.

मग काखेत गाठी आल्या. संध्याकाळ झाली की ताप, सांधे धरलेले, नडगीवर लाल दुखऱ्या गाठी. इथल्या डॉक्टरांनी काखेत सुई घालून तपासलं आणि टीबी आहे म्हणाले. सहा महिने गोळ्या गिळल्या. गोळ्या संपल्या, गाठी आहेत तिथंच आहेत. आता दुसऱ्या डॉक्टर बाईंकडं जाते. त्या म्हणतात, एकतर ती पिशवी फुटली असेल, नाहीतर जुना रोग परत आला असेल, मशीनमध्ये घालून आतला फोटो काढल्याशिवाय काही सांगता येत नाही.

मला भीती वाटते, अक्का. पोराला, शिवलिंगला, पुण्याला यातलं काही कळवलेलं नाही. बसवंतराव असते तर नवरा म्हणून त्यांना सांगितलं असतं. ते नाहीत, म्हणून तुला सांगितलं, असं समज आणि रागाव हवं तर.

तुझी,
मल्ली


नांदेड, ३ फेब्रुवारी २०१६

अक्का,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मशीनवरचा पाय थांबतो.

फोटो काढायला गेले होते आणि न काढता परत आले. तिथल्या पोरानं सांगितलं, अंगावर काहीसुद्धा चालणार नाही. बांगड्या काढल्या, जोडवी काढली. मग तो गळ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "ते पण काढा आजी, ट्रेमध्ये ठेवा." ट्रेमध्ये लोकांच्या पट्ट्यांची बक्कलं आणि किल्ल्या पडल्या होत्या. मी म्हटलं, हे ठेवायचं नसतं, कुणाच्यातरी तळहातावर द्यायचं असतं. तो म्हणाला, मग द्या ना कुणाला. मी मागं वळून बघितलं. बाकड्यावर अनोळखी माणसं बसलेली. माझं कुणीच नव्हतं. पुन्हा बांगड्या चढवल्या आणि ऑटो करून घरी आले.

शिवलिंगला शेवटी सगळं सांगावंच लागलं. तो म्हणतो, "आई, लॉकरमध्ये ठेवत जा ना." त्यानं स्वतःच्या गळ्यातलं इष्टलिंग नोकरी लागली त्या वर्षी काढून देव्हाऱ्यात ठेवलंय. पोरगा चांगला आहे, पण त्याच्या तळहातावर माझं लिंग मी कसं देऊ?

अव्वानं आपल्या घरात घालून दिलेली रीत तुला सांगायची गरज नाही. शिवदार अंगावरून उतरलं की ते रक्ताच्या बाईच्या डाव्या तळहातावर, आणि परत गळ्यात जाईपर्यंत तिनं तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. दुसऱ्या घरांतून असं इतकं कडक कुणी पाळत नाही हे मला नांदेडला आल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं, सगळं जग असंच आहे.

त्या दिवशी ऑटोत बसल्यापासून मला बहात्तरचा दुष्काळ आठवतोय. जळकोटचं आपलं घर, अप्पांचं भांड्यांचं दुकान. लोक ज्वारीसाठी हंडे-घागरी विकायला आणायचे आणि अप्पा खाली मान घालून त्या वजनावर घ्यायचे. मागची खोली छतापर्यंत भांड्यांनी भरली होती आणि घरात प्यायला पाणी नव्हतं. दुपारी आपण दोघी तिथं जाऊन बसायचो. तू एकेका हंड्यात तोंड घालून माझं नाव घ्यायचीस, मल्ली, मल्ली, आणि प्रत्येक हंडा वेगळ्या आवाजात मला हाक मारायचा. मी हसून हसून लोळायचे. अप्पा ओरडायचे, "पोरींनो, तिकडं लोक मरायलेत अन् तुमाला हसू सुचायलंय." आणि मग स्वतःच दारात उभे राहून ऐकायचे.

आणि ती मळ्यातली विहीर आठवते का? तळाला झरा होता, वाटी बुडेल एवढाच. तू दोर धरून खाली उतरायचीस. दोरात शिवदार अडकायचं, म्हणून उतरायच्या आधी तू गळ्यातलं काढून माझ्या तळहातावर द्यायचीस. "हात उलटा करू नको बरं," असं दर वेळी बजावायचीस. मी काठावर बसायचे, डावा हात पुढं धरून. घागर भरून वर यायची, माझ्यासमोर टेकायची, तरी मला पिता यायचं नाही. तू वर आलीस की आधी शिवदार गळ्यात घालायचीस, आणि स्वतःच्या तोंडाला न लावता पहिली वाटी मला द्यायचीस. तसं गोड पाणी मी पुन्हा कधी प्यायले नाही.

मशीनच्या खोलीबाहेर मला तो काठ आठवला. मी वर होते तेव्हा तू खाली होतीस. आता मी खाली उतरायची आहे.

मल्ली


नांदेड, १७ एप्रिल २०१६

अक्का,

लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते टीव्हीवर बघितलं. जन्मभर रेल्वेत नोकरी केलेले बसवंतराव हे बघायला हवे होते. आमच्याकडंही आठवड्यानं नळ येतो. तुमच्याकडं तर टँकरचीच वाट, असं सूनबाई म्हणाली. फोनवर मागून तुझा खोकला ऐकू आला. काढा घेतेस का?

आणि ती म्हणाली, उदगीर जिल्हा होणार म्हणून पुन्हा बोलायलेत सगळे. मला खूप हसू आलं. लातूर जिल्हा झाला तेव्हा माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं. अप्पांनी पेढे वाटले होते, जणू त्यांनाच कलेक्टर केलं. आणि तू? पुढं कितीतरी वर्षं तुझ्या प्रत्येक पत्राच्या मागं मुक्काम जळकोट, तालुका उदगीर, जिल्हा उस्मानाबाद. पोस्टमननं सांगितलं, बसवंतरावांनी सांगितलं. तू म्हणालीस, "जिल्हा बदलला म्हणून मी बदलले का?" त्या पत्रांची मी किती वाट बघायचे. नवीन गाव, नवीन सासर, आणि महिन्यातून एकदा तुझं ते वाकडंतिकडं अक्षर. ते दिवस गेले आणि मला ते अजून हवे आहेत.

आता मुद्द्याचं. फोटो काढून झाला. शेजारची गुणाबाई सोबत आली. ती आपल्यातली नाही, पण तिला रीत सांगितली तर म्हणाली, "त्यात काय, धरते की." दोन्ही हातांची ओंजळ करून तिनं लिंग असं धरलं की तव्यावरची भाकरीच हातात घेतलीय. कुणीतरी चहा आणला, तो घेतला नाही. मी बाहेर आले तशी तिनं ओंजळ माझ्यापुढं केली. म्हणाली, "बाई, ऑपरेशनला मातर तुमच्या रक्ताचं माणूस बलवा. माझ्या हातानं काय व्हायचं न्हाई आता. सांडलं तर?"

पिशवी फुटलीय. वरचं कवच फाटून आतला चिकट गर झिरपत झिरपत काखेतल्या गाठींपर्यंत गेलाय. डॉक्टर बाई म्हणाल्या, अंगाला तो परका वाटतो, म्हणून अंग त्याच्याभोवती गाठी बांधत सुटतं, ताप काढतं, सांधे धरतं. सुईतून बघितलं तर टीबीसारखंच दिसतं, म्हणून फसायला झालं. पिशव्या फुटतात, पण इतकं सगळं फार थोड्या बायकांना होतं, म्हणे. अप्पा घागर बोटांच्या पेरांनी वाजवून सांगायचे ना, ही आतून गेलीय म्हणून. माझी वाजवायला कुणी नव्हतं.

पिशवी काढावी लागणार, भोवतीची कातडीसारखी खोळ काढावी लागणार, गाठीही काढणार. आणि त्या गाठींत नुसता सिलिकॉनचा गर आहे की जुना रोगही आहे, हे काढून तपासल्यावरच कळणार. मे महिन्यात करू म्हणतात.

म्हणजे अक्का, पुन्हा तेच. मी आत आणि बाहेर कुणाचातरी तळहात.

हैदराबादचं मी आजवर कधी काढलं नाही, तूही काढलं नाहीस. आज लिहिते. तू माझं लिंग घेऊन सकाळपासून दिवे लागेपर्यंत उपाशी बसली होतीस. एवढा वेळ का लागतोय म्हणून नर्सला विचारलंस, तर ती म्हणाली, काढायचं कधीच झालं, आता दुसरे डॉक्टर नवीन बसवतायत. मी शुद्धीवर आल्यावर तू माझ्या गळ्यात शिवदार घातलंस, गाठ मारलीस आणि म्हणालीस, "मी तुझ्या जिवासाठी उपाशी बसले, मल्ली. तू शौक करायलीस." पाणीसुद्धा न पिता उठून बीदरच्या बसनं निघून गेलीस. बसवंतराव गेले तेव्हा आलीस, ओसरीवर बसलीस, आणि माझ्याकडं न बघता गेलीस.

मला त्याचा राग आहे. अजून आहे. मला म्हणता आलं असतं की छाती सपाट झाली तर लिंग नीट बसणार नाही, म्हणून केलं. तुला ते पटलंही असतं. पण ते खोटं आहे. रोज वीस बायकांच्या छातीला टेप लावणारी बाई मी. मला स्वतःचा ब्लाउज दोन्ही बाजूंनी सारखा शिवायचा होता. एवढंच. याला शौक म्हणायचं असेल तर म्हण. बेचाळीस वर्षांची होते मी. आजही तेव्हासारखंच केलं असतं.

आणि एवढं बोलून तुलाच विचारते, कारण दुसरं कुणी नाही, आणि असतं तरी मला तूच हवी आहेस. धरशील का?

मल्ली


नांदेड, ४ मे २०१६

अक्का,

कार्ड मिळालं. "तारीख कळव. नागम्मा." दोन शब्द आणि एक नाव. मागं मुक्काम जळकोट, तालुका उदगीर, जिल्हा उस्मानाबाद. जळकोटचा तालुका होऊन किती वर्षं झाली, बाई. कार्ड घेऊन मी मशीनवर डोकं टेकून रडले. गिऱ्हाईक आलं होतं, ते बिचारं माप न देताच परत गेलं.

अठरा तारीख आहे, बुधवार. सकाळी लवकर आत घेतील. दवाखान्याचा पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय, तो तुझ्या पोराकडं, सिद्धलिंगकडं दे, तो आणून सोडेल. सोबत पाणी आणू नकोस, इथं मिळतं. तू आणणारच, तरी लिहिते.

मल्ली


नांदेड, ९ जून २०१६

अक्का,

काल टाके काढले. आणि गाठींचा अहवाल आला. नुसता सिलिकॉनचा गर आणि त्याच्याभोवती अंगानं बांधलेल्या गाठी. जुना रोग कुठंही नाही. डॉक्टर बाईंनी दोनदा वाचून दाखवलं आणि मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. ताप आता येत नाही. नडगीवरचे डागही विरायला लागलेत. हे सगळ्यांत आधी तुलाच लिहितेय, शिवलिंगला उद्या सांगेन.

त्या दिवशी आपलं बोलणं झालंच नाही. मी आत जायच्या आधी तू आलीस, जळकोटच्या पाण्याची पाच लिटरची कॅन घेऊन. नांदेडला गोदावरी आणि तू कोरड्या जळकोटवरून पाणी आणलंस. तू कॅन खाली ठेवलीस, लुगड्याच्या पदराला हात पुसला आणि डावा तळहात पुढं केलास. मी शिवदार काढून तुझ्या हातावर ठेवलं. मला म्हणायचं होतं, हात उलटा करू नको बरं. ओठ हलले, आवाज निघाला नाही. पण तू हसलीस, म्हणजे तुला ऐकू गेलं असावं.

शुद्धीवर आले तेव्हा तूच दिसलीस. हात तसाच धरलेला, बोटं आखडलेली. तू माझ्या गळ्यात शिवदार घातलंस, आणि लिंग छातीवर ठेवताना थांबलीस. डाव्या बाजूला पट्ट्यांच्या खाली आता काहीच नव्हतं. "कुठं ठिवू?" म्हणालीस. तेरा वर्षांत तू माझ्याशी बोललेले पहिले शब्द. मी म्हटलं, जिथं होतं तिथंच. तू हलकेच ठेवलंस. ते सरकलं नाही, पडलं नाही, चांगलं बसलं. मग तू कॅनमधलं पाणी वाटीत ओतलंस. मला अजून पाणी द्यायचं नव्हतं, म्हणून कापसाचा बोळा बुडवून माझे ओठ आधी ओले केलेस, आणि मग माझ्यासमोर बसून तीन वाट्या पाणी प्यायलीस. मी ते बघत राहिले. हैदराबादला तू न पिता गेलीस ते तेरा वर्षं माझ्या घशाशी अडकलं होतं. ते त्या दिवशी खाली उतरलं.

दुसऱ्या दिवशी तू गेलीस, आणि गुणाबाईनं मला एक सांगितलं. तू तिला सांगू नको म्हणाली होतीस म्हणे, पण तिच्या पोटात काही राहत नाही. मला आत नेल्यावर डॉक्टर बाई बाहेर आल्या होत्या, आणि तू त्यांना अडवलंस. गुणाबाईनं तुझी नक्कल करून दाखवली, हात पुढं धरून, मान ताठ. तू म्हणालीस, "बाई, ती फुटकी काडल्यावर तिला दुसरी बसवायची असंल तर बसवा. येळ लागंल म्हणून सोडू नका. मी उपाशीच हाय. कितीबी येळ लागू द्या, मी धरून बसते."

डॉक्टर बाईंनी तुला सांगितलंच असेल की एवढी सूज असताना लगेच बसवता येत नाही. मलाही त्यांनी विचारलं होतं, पुढं कधी हवी का म्हणून. मी नको म्हटलं. आता छप्पन्नाव्या वर्षी मला डावा टक्स न घालता ब्लाउज शिवता येतो, आणि तो मला शोभतो. पण तू म्हणालीस, अक्का. तू बसली असतीस.

श्रावणात ये. तुझा ब्लाउज मी तेरा वर्षांत शिवला नाही. जुना मापाला पाठवू नकोस, माप मी माझ्या हातानं घेणार आहे.

तुझी,
मल्ली